धातूचा नाद

मुंबईच्या झवेरी बाजारांत जो कोणी पहांटेच्या वेळीं गेला असेल, त्यानें एक दृश्य पाहिलें असेल. दुकानें अद्याप उघडावयाचीं असतात, आणि गटारांच्या कडेला घमेलें व कुंचा घेतलेलीं कांहीं माणसें रस्त्यावरची धूळ गोळा करीत असतात. सोनाराच्या कानशीखालून, भट्टींतून, झटकलेल्या कपड्यांतून सोन्याचा जो कण बाहेर पडतो, त्याचा हा शोध. मराठी भाषेनें हा धंदा करणारास झारेकरी हें नांव फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. माती धुवावी, पुन्हां धुवावी, जड तें तळाशीं राहूं द्यावें व हलकें तें वाहून जाऊं द्यावें, एवढें त्याचें शास्त्र. धुळींतलें सोनें त्याला दिसत नाहीं. सोन्याचा जडपणा त्याच्या हाताला कळतो.

धातुशोधक यंत्राची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. त्यालाही सोनें दिसत नाहीं. काठीच्या टोंकाला बसविलेल्या चपट्या कॉइलमधून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे तिच्याभोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उभें राहतें. या क्षेत्रांत धातूची वस्तु आली कीं तिच्या अंगांत लहान लहान भोंवऱ्यांसारखे प्रवाह सुरू होतात, त्या प्रवाहांचें स्वतःचें एक दुबळें क्षेत्र उत्पन्न होतें, आणि तेवढें दुबळें क्षेत्र दुसरी एक कॉइल टिपते. कानाला जो नाद ऐकूं येतो तो याचा. हा प्रतिसाद किती उशिरानें आला, यावरून वस्तु लोखंडाची असावी कीं तांब्या-रुप्याची, याचा कांहींसा अंदाज यंत्र बांधतें. अंदाज हा शब्द येथें मुद्दाम योजला आहे. यंत्र विकणारे लोक तो फार क्वचित् वापरतात.

या विद्येचा आरंभ गेल्याच्या मागच्या शतकांतला. डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञानें १८७९ सालीं जी प्रवर्तन-तुला प्रसिद्ध केली, तिच्यांत दोन बाजूंच्या कॉइली एकमेकींना तोलून ठेवीत आणि एका बाजूला धातु येतांच तोल बिघडून टेलिफोनच्या कर्ण्यांत आवाज उमटे. दोनच वर्षांनीं, २ जुलै १८८१ रोजीं, अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि एक गोळी शरीरांतच राहिली. ती कोठें आहे हें सांपडेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपली सुधारलेली तुला घेऊन अध्यक्षांच्या बिछान्यापाशीं गेला. यंत्र प्रयोगशाळेंत उत्तम चाललें होतें. बिछान्यापाशीं मात्र तें स्पष्ट कांहीं सांगेना. एक तर गादीखालीं पोलादी स्प्रिंगांचें जाळें होतें. दुसरें असें कीं, मुख्य डॉक्टरांचा ग्रह गोळी उजव्या बाजूला आहे असा होता, आणि शोध त्या बाजूलाच करूं दिला गेला. सप्टेंबरच्या १९ तारखेस अध्यक्ष वारले. शवच्छेदनांत गोळी कण्याच्या डाव्या बाजूस निघाली.

ही कथा जुनी असली तरी यंत्र नव्यानें हातीं घेणाऱ्या प्रत्येकानें ती ऐकावी अशी आहे. कारण जवळचा नको तो धातु दूर करावयाचा राहणें, आणि आधींच ठरवून ठेवलेल्या जागींच शोधणें, या दोन गोष्टी आजही नवशिक्याच्या मार्गांत सर्वांत जास्त आड येतात.

मुंबईच्या हरवलेल्या धातूची सर्वांत मोठी कथा १४ एप्रिल १९४४ ची. त्या दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज उभें होतें. त्यांत सुमारें १४०० टन दारूगोळा होता, कापसाच्या गांठी होत्या, आणि ३१ पेट्यांतून ठेवलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या. एकेका विटेचें वजन पावणेतेरा किलोच्या आसपास. कापसाला लागलेली आग आटोक्यांत येईना, आणि दुपारीं चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. आग विझवावयास गेलेले ६६ जवान त्यांत गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. एकंदर मृतांचे आंकडे सातशेंपासून तेराशेंपर्यंत निरनिराळे दिले जातात. सोन्याची एक वीट जवळजवळ मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरांत पडली, आणि त्यांनीं ती सरकारजमा केली. बाकीच्या विटांपैकीं कांहीं गोदीच्या गाळांत इतक्या खोल गेल्या कीं १९७० नंतरच्या दशकांतही गाळ उपसतांना वीट निघाल्याचें सांगतात.

एवढें सोनें तळाशीं असतांना यंत्र उतरवून तें सरळ वेंचून कां काढलें नाहीं, असा प्रश्न घरांतलीं मुलें हटकून विचारतील. त्याचें उत्तर गोदीच्या गाळांतच आहे. फुटलेल्या जहाजांचे पत्रे, रिव्हेटी, साखळ्या, बॉंबगोळ्यांचीं कवचें यांनीं तो तळ भरून गेलेला होता. तशा जागीं आजचें उत्तमांतलें उत्तम यंत्र नेलें तरी तें सर्वत्र वाजेल. आणि सर्वत्र वाजणारें यंत्र कोठेंच न वाजणाऱ्या यंत्राइतकेंच मुकें असतें.

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे वळूं. असें समजूं या कीं गिरगांवांतल्या, मुगभाटांतल्या एखाद्या कुटुंबांत असें यंत्र आलें आहे. आणि तें आणावयाचें निमित्तही मुंबईत नवें नाहीं. घरांतल्या वहिनींचें मंगळसूत्र चौपाटीवर तुटलें आहे. पेटी उघडतांच तरुण मंडळी तें खोलींतच चालू करतात आणि निराश होतात. भिंतींतल्या तारा, स्लॅबमधल्या सळया, जुन्या चाळीच्या लांकडी तक्तपोशींतले खिळे, शीतपेटी, दूरदर्शनचा संच या सर्वांचा गोंगाट यंत्राला एकदम ऐकूं येतो. घरांत करण्याजोगीं कामें तेवढीं घरांत करावीं. दांड्याची लांबी अशी ठेवावी कीं हात सैल व सरळ असतां कॉइल पायाच्या बोटांपुढें दीड हातावर जमिनीशीं समांतर राहील. वांकावें लागलें तर अर्ध्या तासांत कंबर बोलूं लागते आणि मग कान ऐकत नाहींत. कॉइलची तार दांड्याभोंवतीं बेताची गुंडाळावी. ती लोंबकळत राहिली तर तिच्याच हालचालीनें यंत्र खोटें वाजतें. कॉइलचा प्लॅस्टिकचा मळसूत्री खिळा हातानेंच आंवळावा, पक्कडीनें नव्हे. बॅटरी ताजी असावी. मग अंगठी, घड्याळ, बांगड्या, किल्ल्यांचा जुडगा आणि खिशांतला फोन बाजूला ठेवावा. ज्याच्या जोड्याच्या टांचेंत लोखंडी पट्टी असेल त्यानें अनवाणी जावें.

वाळूवर पोंचल्यावर लगेच शोधूं लागूं नये. प्रथम कानाला शिकवावें. एक सोन्याची अंगठी, एक खिळा, सोड्याच्या बाटलीचें झांकण, सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद, पांच रुपयांचें एक पितळी नाणें आणि एक रुपयाचें पांढरें नाणें अशा सहा वस्तु कोरड्या वाळूवर हात-हात अंतरानें मांडाव्या व एकेकीवरून कॉइल दहादहा वेळां फिरवावी. पांच रुपयांच्या पितळी नाण्याचा नाद गोल व स्थिर असतो. खिळ्याचा तुटक, एका बाजूनें येतो आणि उलट फिरतांना बदलतो. बारीक अंगठीचा आणि चंदेरी कागदाचा नाद मात्र इतका सारखा कीं पुष्कळदां मुळींच ओळखूं येत नाहीं. ‘भेद’ करावयाची जी कळ असते, म्हणजे नको त्या धातूचा आवाज बंद करण्याची, ती नवशिक्याला फार आवडते. पण तिनें कागद गप्प केला कीं बहुधा अंगठीही गप्प होते. वहिनींच्या मंगळसूत्राची गोष्ट आणखी नाजूक आहे. सोन्याची बारीक साखळी यंत्राला एक वस्तु म्हणून ऐकूं येत नाहीं. कड्या एकमेकींना नीट चिकटलेल्या नसतात, त्यामुळें एकेक कडी आपल्यापुरती क्षीण बोलते, आणि काळे मणी तर बोलतच नाहींत. यंत्र वाजेल तें वाट्यांमुळें वाजेल. घरांत तशाच घडणीचें दुसरें एखादें असेल तर तें वाळूंत चार बोटें पुरून त्याचा नाद आधीं ऐकून ठेवणें हा सर्वांत चांगला अभ्यास होय.

रुपयाच्या पांढऱ्या नाण्याविषयीं एक गंमत सांगण्याजोगी आहे. इंग्रजी अमदानींतला रुपया चांदीचा असे, आणि त्याला लोहचुंबक ओढीत नसे. १९९० नंतरच्या दशकांत जे पोलादी रुपये आले ते चुंबकीय स्टेनलेस पोलादाचे आहेत. म्हणूनच विसर्जनानंतर खाडीच्या व समुद्राच्या कांठीं दोरीला चुंबक बांधून मुलें नाणीं ओढून काढतात. त्यांना कोणत्याच यंत्राची गरज लागत नाहीं. यंत्र मात्र या नाण्यानें गोंधळतें. कधीं लोखंडाचा नाद देतें, कधीं भलताच उंच आणि फसवा. आजोबांच्या काळचा रुपया यंत्राला चटकन् कळतो आणि नातवाचा कळत नाहीं, असा हा प्रकार आहे.

आतां भूमीचा तोल. मुंबईचा खडक काळ्या पाषाणाचा, आणि त्याच्या झिजेंतून येणाऱ्या काळ्या रेतींत लोहयुक्त खनिज असतें. म्हणजे ज्या जमिनींत कांहींही पुरलेलें नाहीं तीसुद्धां यंत्राला थोडी थोडी बोलते. हें बोलणें वजा करण्यास ग्राउंड बॅलन्स म्हणतात. धातु नसलेली एखादी स्वच्छ जागा पाहून कॉइल गुडघ्याएवढ्या उंचीपासून वाळूच्या जवळपर्यंत सरळ खालींवर करावी, आणि वर-खालीं दोन्ही वेळां आवाज सारखा होईपर्यंत कळ फिरवावी. पुष्कळ यंत्रें हें काम एका बटणानें आपण होऊन करतात. पण त्यांनाही जागा स्वच्छच लागते. खिळ्यावर उभें राहून तोल साधला तर खिळ्यालाच जमीन समजून यंत्र पुढें चालतें.

कोरड्या वाळूवर साधलेला हा तोल ओल्या वाळूवर टिकत नाहीं, कारण खारें पाणी स्वतःच विजेचें वाहक आहे. भरतीची रेघ ओलांडतांच यंत्र बडबड करूं लागतें, आणि नवशिका समजतो कीं पायाखालीं खजिना आहे. अशा वेळीं संवेदनशीलता उतरवावी, ओल्या वाळूवर तोल पुन्हां साधावा, आणि कोरडी व ओली हीं दोन निराळीं शेतें आहेत असें समजून एका वेळीं एकांतच फिरावें. पल्स पद्धतीचें यंत्र मीठ व काळी रेती दोन्ही सहन करतें. परंतु खिळा कोणता आणि अंगठी कोणती हें सांगण्याची त्याची शक्ति बेताची, त्यामुळें सारेंच खणावें लागतें.

फिरविण्याची रीत शब्दांनीं सांगणें कठीण असलें तरी घरोघरच्या बायकांना ती सहज समजेल. अंगण सारवतांना हाताचा दुसरा फेरा पहिल्या फेऱ्यावर थोडा चढवून घेतात, मध्यें कोरडी पट्टी राहूं देत नाहींत. कॉइलचा फेराही तसाच असावा. झोंपाळ्यासारखी ती दोन्ही टोंकांना वर उचलली जाऊं नये. याचें कारण गणितांत आहे. नाण्याएवढ्या वस्तूकडे जाणारें क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घातानें क्षीण होतें, आणि तिच्याकडून परत येणारेंही तसेंच. म्हणजे जाऊन-येऊन सहावा घात. कॉइलपासून अंतर दुप्पट झालें तर नाद निम्मा होत नाहीं, सुमारें चौसष्टावा भाग उरतो. फेऱ्याच्या टोंकाला कॉइल वीतभर उचलली गेली, तर तेवढ्या जागेपुरतें यंत्र घरीं ठेवल्यासारखेंच झालें. नाणें वीतभर खोल असेपर्यंत साधारण यंत्र सांगतें; कमरेइतकें खोल असलेलें नाणें दाखविणाऱ्या जाहिराती वाचून करमणूक करून घ्यावी.

नाद आला कीं तेथेंच कॉइल आडवी व उभी अशी फुलीसारखी फिरवून दोन रेघा जेथें छेदतील तेथें खूण करावी, आणि खुरप्यानें बाजूनें माती काढून चाळणींत घ्यावी. चौपाटीवर पहिल्या तासांत हाताला काय लागतें? हारांच्या तारा, मखराच्या टांचण्या, पाटांचे खिळे, झांकणें. यांतलें प्रत्येक पिशवींत घालून घरीं न्यावें व खड्डा बुजवावा. तेथें लहान मुलें अनवाणी खेळतात.

सांपडलेलें आपलें नसेल तर? आपल्या घरचें मंगळसूत्र सांपडणें निराळें आणि जमिनींत दडविलेलें धन सांपडणें निराळें. १८७८ च्या भारतीय निखात निधि अधिनियमाप्रमाणें जमिनींत दडविलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडली तर कलेक्टरला लेखी कळवावें लागतें, आणि न कळविणारास शिक्षा आहे. दहा रुपयांची ही मर्यादा दीडशें वर्षांत किती आकसली, याचा विचार केला तर कायद्याच्या कक्षेबाहेर आतां जवळजवळ कांहींच उरत नाहीं. धन बेवारशी ठरलें आणि दुसरा कांहीं करार झालेला नसला तर सांपडविणाऱ्याला तीन चतुर्थांश व जागेच्या मालकाला एक चतुर्थांश अशी वांटणी त्या कायद्यानेंच सांगितली आहे, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. किल्ले, लेणीं इत्यादि संरक्षित स्थळीं तर खुरपें काढण्याचा विचारही करूं नये.

हीच विद्या आडवी न धरतां उभी केली म्हणजे मांडवाच्या दारांतली चौकट होते, आणि तेथें जें पणाला लागतें त्यापुढें अंगठी कांहींच नव्हे. लालबागचा गणपति १९३४ सालीं पेरू चाळीच्या परिसरांतल्या कोळी व व्यापारी मंडळींनीं बसविला; गिरगांवांतल्या केशवजी नाईकांच्या चाळीचा १८९३ पासूनचा. या उत्सवांना दारांत यंत्र लावावें लागेल असें त्या मंडळींच्या स्वप्नांतही आलें नसेल. १२ मार्च १९९३ रोजीं दादरच्या प्लाझा चित्रगृहापाशीं स्फोट झाला. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळीं झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर असे तीन झाले. ही सगळी रोजच्या येण्याजाण्याची वस्ती. रस्त्याला चौकट नसते, म्हणून तेथें यंत्राचा कांहीं उपयोगही नव्हता. चौकट दारूगोळा ओळखत नाहीं, अमोनियम नायट्रेटचा वास तिला येत नाहीं. ती धातु तेवढा ओळखते. पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यानें बनविलेलें सुरुंगशोधक यंत्र १९४२ सालीं एल् अलामीनच्या वाळवंटांत उपयोगी पडलें. पण त्याच काळांत जर्मनांनीं लांकडी पेटीचे सुरुंग पेरण्यास सुरुवात केली होती.

म्हणून चौकटीपाशीं उभा असणारा स्वयंसेवक हाच तिचा खरा भाग. मुंबईच्या कित्येक दारांत आज असें दिसतें कीं चौकट प्रत्येक माणसाला वाजते आणि कोणीही कोणाला थांबवीत नाहीं. पहिल्या दिवशीं स्वयंसेवक दचकतो, दुसऱ्या दिवशीं नुसता पाहतो, तिसऱ्या दिवशीं त्याला नादच ऐकूं येत नाहीं. असली चौकट नसलेली बरी. ती लोकांना खोटा धीर देते. यांत स्वयंसेवकाचा आळस थोडा आणि मांडणीची चूक फार असते. चौकट लोखंडी खांबाला, पत्र्याच्या भिंतीला किंवा हलत्या लोखंडी कठड्याला चिकटून उभी केलेली असते. शेजारीं विद्युज्जनित्र घरघरत असतें. दोन चौकटी खांद्याला खांदा लावून ठेवलेल्या असतात व एकमेकींच्या क्षेत्रांत ढवळाढवळ करतात. गर्दीचा धक्का लागतांच चौकट डुलते आणि डुलणें हाच तिला धातु वाटतो. ती पक्क्या जागीं रोंवावी. कठडे बांबूचे करावे, नाहींतर दूर सारावे. दोन चौकटींत निर्मात्यानें सांगितलेलें अंतर ठेवावें, किंवा त्या एकमेकींशीं जुळवून घ्याव्या.

मग संवेदनशीलता. ज्याहून लहान वस्तु आपल्याला पकडावयाची नाहीं, अशा बेताचा एक लोखंडी नमुना निवडावा आणि तो कधीं घोट्याशीं, कधीं कमरेला, कधीं टोपींत ठेवून एकाला आंतून चालवावें. तिन्ही वेळां वाजेल इतकी कळ चढवावी, अधिक नको. नंतर किल्ल्या व फोन परडींत काढून ठेवलेलीं दहा साधीं माणसें चालवावीं. त्यांतलीं एकदोन वाजलीं तर मांडणी बरी. आठ वाजलीं तर जागा बदलावी, कळ उतरवून वेळ मारून नेऊं नये. चौकटीवरचे दिवे कोणत्या उंचीवर लागले तें पाहावें, आणि हातांतलें यंत्र प्रथम त्या उंचीवरूनच, अंगापासून चार बोटांवर, सावकाश फिरवावें. पट्ट्याचा बकल सांपडला म्हणून शोध थांबवूं नये. एका नादाखालीं दुसरा दडूं शकतो. स्त्रियांची तपासणी स्त्री-स्वयंसेविकांनींच करावी. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे त्यांना चौकटींतून न नेतां बाजूनें नेऊन हातानें तपासावें. आणि वाजलेल्या माणसापाशीं कोणी तरी जाईलच, इतकीं माणसें दारावर असावीं. नाहींतर रांगेचा वेग कमी करावा.

रात्रभर दर्शन चालू असतें, पाऊस पडतो, कोणी तरी चौकट दोन हात सरकवून ठेवतो. म्हणून पाळी बदलतांना येणाऱ्यानें जाणाऱ्याकडून लोखंडी नमुना मागून घ्यावा, तो घोटा, कंबर व डोकें या तिन्ही उंचींवर एकदां फिरवून पाहावा, वहींत वेळ लिहावी, आणि मगच रांग पुढें सोडावी.